धागा: बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट जिवाणूंच्या थराकडून काढायचं: वस्तीपुरतं संयंत्र, खानदेशच्या पाण्यासाठी

मळेकर_यावल
नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात केळीच्या मळ्यांमधली एक वस्ती आहे. २० घरं, साधारण १०० माणसं. पिण्या-स्वयंपाकाला माणशी २० लिटर धरले तर रोज २,००० लिटर पाणी लागतं. बोअरचा अहवाल असा: नायट्रेट ११०, एकूण काठिण्य ४८०, क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) ३६०, सल्फेट ६०, क्लोराइड ९० (सगळं मि.ग्रॅ. प्रति लिटर), पीएच ७.५. फ्लोराइड मर्यादेत आहे.

आरओचा प्रस्ताव आलाय, पण निम्मं पाणी टाकाऊ निघणार आणि तेच पुन्हा विहिरीशेजारच्या नाल्यात जाणार. जिवाणूंच्या थरातून पाणी सोडून नायट्रेटचा नायट्रोजन वायू करायची पद्धत इथल्या जाणकारांनी आकड्यांसकट सांगावी. शेतीच्या फीडरवर वीज आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री, हे धरून सांगा.

गाळणी
आधी एकक पक्कं करा. ११० हा आकडा नायट्रेटचा असेल तर त्यातला नायट्रोजन २४.८ होतो (४.४३ ने भागायचं). भारतीय मानक १०५०० ची मर्यादा नायट्रेट म्हणून ४५, म्हणजे नायट्रोजन म्हणून १०.२. काही प्रयोगशाळा अहवालात नायट्रोजनच छापतात. त्यात ११० असेल तर सगळं गणित साडेचार पटीने बदलतं.

आता तत्त्व. प्राणवायू संपला की काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून श्वास घेतात. नायट्रेट, मग नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू, असा तो उतरता जिना आहे. त्यासाठी त्यांना खायला कार्बन लागतो आणि बोअरच्या पाण्यात तो जवळपास नसतोच. म्हणून तो बाहेरून द्यायचा. खडीवर त्यांचा बुळबुळीत थर बसतो, पाणी वरून जात राहतं, जिवाणू जागेवर राहतात. फ्रान्स-जर्मनीत १९८० च्या दशकापासून पिण्याच्या पाण्यासाठी अशी संयंत्रं चालली आहेत, त्यामुळे होईल की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कार्बन मोजून देण्याचा आणि नंतरच्या गाळणीचा. बिघडतं ते तिथेच.

तुमचं गणित. लिटरमागे २० मि.ग्रॅ. नायट्रोजन काढला तर उरतो ५ च्या आत, म्हणजे नायट्रेट २० च्या आसपास. दिवसाला २,००० लिटरचे ४० ग्रॅम नायट्रोजन. मुद्दाम शून्यावर नेऊ नका, कारण खाली येईल.

कार्बन: खाद्य दर्जाचं अॅसिटिक आम्ल. जिवाणूंची वाढ धरून एक ग्रॅम नायट्रोजनला साडेतीन ग्रॅम. २० ला ७० मि.ग्रॅ. शिवाय पाण्यात विरघळलेला ५-६ मि.ग्रॅ. प्राणवायू आधी संपवावा लागतो, त्याचे आणखी १०. म्हणजे लिटरला ८०, दिवसाला १६० ग्रॅम. घट्ट आम्ल साधारण १५० मिलिलिटर.

भांडं: २२० लिटरचा निळा ड्रम, खाद्यपदार्थांचा, औषधा-रसायनांचा नव्हे. व्यास ५८ सेंमी, म्हणजे काटछेद ०.२६ चौ.मी. तळाला एक इंची पीव्हीसीचं कडं, ४ मि.मी.ची भोकं खालच्या बाजूला. त्यावर १० सेंमी मोठे गोटे (२०-४० मि.मी.), त्यावर ६० सेंमी बारीक खडी, ४-६ मि.मी. चाळून, भुकटी जाईपर्यंत धुऊन. काळी खडी चालते, चुनखडीची नको. खडीचा ढीग १६० लिटर भरतो. पाणी खालून वर, तासाला ८३ लिटर. ढिगाच्या आकारमानाला प्रवाहाने भागलं तर जवळपास दोन तास येतात; पाणी फक्त खडीच्या फटींत मावतं, म्हणून प्रत्यक्षात पाऊण तासाच्या आसपास राहतं. हे मुद्दाम सैल धरलंय, मोठ्या संयंत्रांत याच्या कितीतरी पट भार देतात. पण तिथे चोवीस तास माणूस असतो.

खालून वर का? ४० ग्रॅम नायट्रोजन म्हणजे रोज ३५ लिटर वायू. वरून खाली सोडलंत तर बुडबुडे खडीत अडकून पाणी तुंबतं.

जुगाडू
गाळणीभाऊ, आम्ल कशाला? गूळ आहे, दही आहे, जीवामृत आहे. फुकटात होतंय की भो.

सूक्ष्म
तिन्ही नको, तिघांची कारणं वेगळी.

गूळ: साखरेवर जिवाणू भराभर वाढतात, म्हणजे नायट्रेटमागे गाळ जास्त, खडी लवकर चोंदते. शिवाय साखर थोडी जरी जादा पडली तरी दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटचा वायू न करता अमोनिया करतात. कागदावर नायट्रेट गेलेलं दिसतं, नायट्रोजन पाण्यातच असतो. वर गुळाचा रंग आहेच.

दही: त्यातले जिवाणू आंबवणारे, हे काम करणारे नव्हेत.

जीवामृत: शेतात ठीक, पण शेण म्हणजे आतड्यातले जिवाणू. पिण्याच्या पाण्याच्या ड्रममध्ये ते आपल्या हाताने का घालायचे? सांडपाण्याच्या संयंत्रातला गाळ आणून घालण्याचा सल्लाही कोणी दिला तर ऐकू नका.

विरजण मुळात लागतच नाही. स्यूडोमोनास, पॅराकॉकस, थाउएरा ही मंडळी बोअरच्या पाण्यात आणि मातीत थोडी का होईना असतातच. ड्रम भरा, आम्लाची अर्धी मात्रा द्या आणि छोट्या पंपाने तेच पाणी वरून काढून खालून आत असं फिरवत ठेवा. दोन-तीन दिवसांनी निम्मं पाणी बदला. आपल्याकडे भूजल २६-२८ अंशांचं, त्यामुळे दोन ते चार आठवड्यांत खडी हाताला बुळबुळीत लागते. पाण्यात फॉस्फरस अगदीच नसेल तर थर फुगत नाही आणि नायट्राइट अडकून राहतं. लिटरला ०.१ मि.ग्रॅ. फॉस्फरस पुरतो. तेवढा नसेल तर खाद्य दर्जाचं फॉस्फोरिक आम्ल, तेही थेंबभर, आम्लाच्या कॅनमध्येच मिसळायचं.

या काळात पाणी अजिबात प्यायचं नाही. पहिल्या टप्प्याचे जिवाणू आधी वाढतात, दुसऱ्या टप्प्याचे मागून. मधल्या काळात नायट्राइट चढतं आणि ते नायट्रेटपेक्षा घातक. बाळांची त्वचा निळसर पडते ती त्याच्यामुळे.

मळेकर_यावल
व्हिनेगर वापरलं तर? घट्ट आम्ल वस्तीवर ठेवायचं म्हणजे धाक वाटतो.

गाळणी
धाक योग्यच आहे. घट्ट आम्लाचा कॅन वस्तीवर नकोच. १६.६ अंशांच्या खाली ते गोठतं, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या डिसेंबरात कॅनमध्ये बर्फासारखा गोळा. आणि ३९ अंशांच्या वर त्याची वाफ ठिणगीने पेट घेते, आपला मे महिना त्याच्या पुढचा. तालुक्याच्या ठिकाणीच पातळ करून आणा. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नव्हे. हातमोजे आणि चष्मा लावून. बाजारातलं ५ टक्क्यांचं साधं पांढरं व्हिनेगर चालतं, दिवसाला ३.२ लिटर लागेल, खर्च तेवढा वाढेल.

स्पिरिट वापरायचा विचार येईल, जिवाणूंना ते आवडतंही. पण शुद्ध स्पिरिटला उत्पादन शुल्काचा परवाना लागतो आणि बाजारात मिळणाऱ्या विकृत स्पिरिटमध्ये विषारी भेसळ मुद्दाम केलेली असते. ते पिण्याच्या पाण्याजवळही नको.

मात्रा देण्याची युक्ती: १६० ग्रॅम आम्ल २ लिटर द्रावणात, चोवीस तासांत संपायला हवं. मिनिटाला १.४ मिलिलिटर. दवाखान्यातल्या सलाईनच्या सेटला २० थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. पण सेट उघड्या कॅनला लावला तर कॅन उतरेल तसे थेंब मंदावतात. म्हणून कॅनचं झाकण हवाबंद करा आणि त्यातून एक ताठ नळी तळापासून चार बोटं वर येईल अशी आत सोडा. हवा फक्त त्या नळीतून शिरते, त्यामुळे कॅन भरलेला असो की पाऊण रिकामा, दाब नळीच्या खालच्या टोकापासूनच लागतो. थेंब शेवटपर्यंत सारखे. सेटची चाकाची चिमटी उन्हात ढिली पडते, रोज सकाळी घड्याळ लावून थेंब मोजा.

विजेचं उत्तर यातच आहे. वीज असेल तेव्हा बोअर वरची टाकी भरेल. टाकीखाली फ्लोट व्हॉल्व्हची छोटी पेटी, तिच्यातून ड्रमला उताराने चोवीस तास पाणी. संयंत्राला मोटर लागत नाही.

तापीकाठ
सगळं बरोबर, पण वस्तीवर रोज थेंब कोण मोजणार? महिनाभर उत्साह राहतो. तुमच्या अहवालाकडे पाहून माझं मत गंधकाचं.

एका जातीचे जिवाणू (थायोबॅसिलस डीनायट्रिफिकन्स आणि त्याचे भाऊबंद) गंधक खातात आणि नायट्रेटवर श्वास घेतात. ड्रममध्ये खडीच्या जागी गंधकाचे २-५ मि.मी.चे दाणे. मात्रा द्यायचीच नाही. जिवाणू लागेल तेवढंच गंधक उचलतात, जादा कार्बन पाण्यात उतरण्याची भीती नाही, गाळही कमी.

किंमत काय मोजायची ते आधी बघा. एक ग्रॅम नायट्रोजनमागे ७.५ ग्रॅम सल्फेट तयार होतं आणि ४.६ ग्रॅम क्षारता खर्च होते. तुमच्या २० मि.ग्रॅ. साठी सल्फेट १५० ने वाढेल. ६० चे २१० होतील. मानकाची स्वीकार्य मर्यादा २००, दुसरा स्रोत नसेल तर ४००. क्षारता ३६० ची २७० राहील. इतर ठिकाणी गंधकात चुनखडीचा चुरा मिसळावा लागतो, आपल्या काळ्या पाषाणातल्या पाण्याला बहुधा लागणारच नाही. आमच्या पाण्याचा जडपणा एरवी शिव्या खातो, इथे तो उपयोगी पडतो.

वेग मंद आहे: घनमीटरला दिवसाला १५० ग्रॅम नायट्रोजन धरा. म्हणजे पावणेतीनशे लिटर दाणे, दोन ड्रम एकापाठोपाठ. गंधक रोज १०० ग्रॅम खर्च होतं, वर्षाला ३६-३७ किलो. सहा महिन्यांनी वरून भर घालायची.

आता फसगत होते ती जागा. कृषी सेवा केंद्रात मिळणारं ९० टक्के दाणेदार गंधक घेऊ नका. त्यात बेंटोनाइट माती असते, ती पाण्यात फुगून दाण्याचा चिखल करण्यासाठीच घातलेली असते. दोन दिवसांत ड्रम बसतो. ८० टक्के पाण्यात मिसळणारी भुकटी तर मुळीच नको, तिच्यात फवारणीची रसायनं असतात. रिफायनरीचं ९९.९ टक्क्यांचं शुद्ध गंधक, ढेकूळ फोडून चाळलेलं किंवा गोळीचं, आणि आर्सेनिक-सेलेनियमचा तपासणी दाखला मागून घ्या. फोडताना तोंडाला कापड बांधा, जवळ विडी-काडी नको, धूळ पेट घेते.

सूक्ष्म
तापीकाठ यांच्याशी बराचसा सहमत. दोन पुरवण्या. गंधकाचे जिवाणू सावकाश वाढतात, चार ते सहा आठवडे धरा. सुरुवातीला फोटोग्राफीचं हायपो (सोडियम थायोसल्फेट) आणि खायचा सोडा किंचित दिला तर लवकर बसतात, पण तेही पाणी पिण्यातून वगळून.

दुसरी: नायट्रेट पूर्ण संपू देऊ नका. गंधक असो वा आम्ल, नायट्रेट संपलं की दुसऱ्या फळीचे जिवाणू सल्फेट आणि गंधकाकडे वळतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. पाणी बंद पडून ड्रम दिवसभर साचला तरी तेच. म्हणून बाहेर पडताना १५-२० नायट्रेट उरलेलं बरं. बंद ठेवावं लागलंच तर आम्लाचा कॅन आधी तोडा, चालू करताना पहिले तीन ड्रमभर पाणी बागेला सोडा.

गाळणी
गंधकाला विरोध नाही. सल्फेट आधीच १५० च्या वर असलेल्या बोअरला मात्र ते जमणार नाही, आणि तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात खारट बोअर आहेत. तिथे आम्लच.

आम्लाच्या ड्रमचा उलटा त्रास: नायट्रेट गेलं की क्षारता वाढते, २० मि.ग्रॅ. ला सुमारे ७०. ४८० काठिण्याच्या पाण्यात याचा खार खडीवर बसतो आणि वर्षा-दीड वर्षात खडीचं सिमेंट होऊ शकतं. आम्लाऐवजी सोडियम अॅसिटेट वापरलंत तर लवकर. पीएच ८.३ च्या वर जाऊ देऊ नका, तिथे नायट्राइटही साचतं.

धुण्याबद्दल. आम्लाच्या ड्रममध्ये दिवसाला कोरडं तोललं तर ३५ ग्रॅमच्या आसपास जिवाणूंचा गाळ वाढतो. ड्रममधून बाहेर पडणारी धार मंदावली की धुवायची वेळ. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तळाच्या कड्याला लावून पाच मिनिटं हवा, मग तळाचा दोन इंची कॉक एकदम उघडून ड्रम रिकामा. दोनदा पुरे. खडी चकचकीत होईपर्यंत घासली तर थर गेला आणि आपण पुन्हा पहिल्या आठवड्यात. धुतल्यावर एक दिवस नायट्राइट वर जातं, त्या दिवसाचं पाणी टाकीत घेऊ नये.

पाणीपरीक्षा
तपासणीवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

रोज: नायट्रेट आणि नायट्राइट दोन्ही दाखवणारी पट्टी, ड्रमच्या बाहेरच्या पाण्याची. पट्टी ढोबळ असते, पण नायट्राइटचा गुलाबी चौकोन गडद झाला हे तिच्यावर स्पष्ट दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेची नायट्राइटची मर्यादा ३ मि.ग्रॅ. आणि नायट्रेटची ५०, पण दोन्ही एकत्र असतील तर दोन्हींचे आपापल्या मर्यादेशी गुणोत्तर काढून बेरीज १ च्या आत हवी. म्हणजे नायट्रेट २० (०.४) असेल तर नायट्राइट १.८ च्या वर चालणार नाही.

क्लोरीन हीसुद्धा एक तपासणीच आहे. एक मि.ग्रॅ. नायट्राइट दीड मि.ग्रॅ. क्लोरीन खाऊन टाकतं. नेहमीची ब्लीचिंग पावडर घालूनही अर्ध्या तासाने क्लोरीन दिसेना, तर पावडर जुनी आहे असं म्हणण्याआधी नायट्राइट बघा.

महिन्याला: प्रयोगशाळेत नायट्रेट, नायट्राइट, अमोनिया, कोलिफॉर्म (मैल्याची खूण असलेले जिवाणू), सल्फेट. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बाटलीत थराचे तुकडे आले असतील तर ते वाटेतही नायट्रेट खात राहतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. दुपारच्या एसटीने उन्हातून पाठवलेल्या बाटलीवर विश्वास ठेवू नये.

मळेकर_यावल
ड्रमनंतर नक्की काय काय?

गाळणी
तीन पायऱ्या, एकही गाळता येणार नाही. पाणी प्राणवायूविना बाहेर पडतं, म्हणून आधी तीन-चार पायऱ्यांवरून पातळ पसरून खाली पाडा. मग मंद वाळूगाळणी: तासाला ८३ लिटरसाठी तेच दोन निळे ड्रम समांतर, वेग तासाला १५-१६ सेंमी पडतो. वाळू बारीक, धुतलेली, किमान ६० सेंमी. उरलासुरला कार्बन आणि सुटलेले जिवाणू इथे अडकतात. वरचा थर चोंदला की सेंटीमीटरभर खरवडायचा. एका वेळी एकच ड्रम, दुसरा चालू ठेवून. मग ब्लीचिंग: लिटरला २ मि.ग्रॅ. म्हणजे दिवसाला ४ ग्रॅम क्लोरीन. पावडर २५ टक्क्यांची धरली तर १६ ग्रॅम, आदल्या रात्री भिजवून वरचं निवळ पाणी घालायचं. अर्ध्या तासाने ०.२ तरी उरायला हवं. ड्रम, नळ्या सगळं काळ्या कापडात किंवा पत्र्याखाली. आत उजेड शिरला की शेवाळ धरतं, आणि उन्हात ड्रम तापून थर सुटतो.

काळी_कसदार
मुळावरही दोन ओळी. केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडं, म्हणजे ८९० किलोच्या घरात नत्र. युरिया ठिबकातून आठवड्याला थोडा थोडा न देता चार हप्त्यांत ओतला तर पिकाने न घेतलेलं बरंच नत्र पाण्याबरोबर खाली उतरतं. पहिल्या पावसात भेगाळलेल्या काळ्या जमिनीतून ते एकदम जातं. बोअरची तपासणी मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात करा, संयंत्र वरच्या आकड्यावर बसवा. आणि नायट्रेटबरोबर क्लोराइडही चढलं असेल तर युरियापेक्षा शोषखड्डे आणि उकिरड्यांकडे बघा. या अहवालात ९० आहे, आसपासच्या, वस्तीपासून दूर असलेल्या बोअरशी ताडून बघावं.

गावात आरओ आधीच बसला असेल त्यांच्यासाठी: टाकाऊ पाण्याला पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) चर. समजा रोज ५०० लिटर, नायट्रेट २५०. म्हणजे २८ ग्रॅम नायट्रोजन. लाकडाच्या तुकड्यांचे चर घनमीटरला दिवसाला २ ते २२ ग्रॅम काढतात असं जगभर मोजलं गेलंय. ८ धरा, साडेतीन घनमीटर लागतील: ७ मीटर लांब, १ रुंद, अर्धा मीटर भरणी. तळाला जाड प्लास्टिक, भरणीत श्रेडरमधून काढलेली पऱ्हाटी आणि दाणे काढलेली मक्याची कणसं निम्मी निम्मी, वर गोणपाट आणि वीतभर माती. कणसं लवकर झिजतात, पऱ्हाटी टिकते. केळीचं खांब घालू नका, सगळं पाणीच असतं, महिन्यात बसतं. पऱ्हाटी अख्खी रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा, म्हणून तुकडे करून लगेच बुजवायचे. पहिले काही आठवडे चहासारखं पाणी येईल, ते शेताला. हे पाणी पिण्याचं कधीच नाही.

जुगाडू
मग घरच्या घरी बादलीत करता येईल का? एका घरापुरतं?

सूक्ष्म
नाही. एका घराचा वापर सकाळ-संध्याकाळ, मधे पाणी उभं. थर उपाशी तरी मरतो नाहीतर वास मारतो, आणि नायट्राइट रोज बघणारं कोणी नसतं. एका घराला छोटा आरओ किंवा दुसऱ्या विहिरीचं पाणी. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी तर तेच. उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि नायट्रेट उलट वाढतं.

मळेकर_यावल
ठरलं ते असं: सल्फेट ६० आहे म्हणून गंधकाचे दोन ड्रम, मागे वाळूचे दोन, चारही पत्र्याखाली. वरच्या टाकीतून चौथा हिस्सा पाणी ड्रमला वळसा घालून थेट वाळूगाळणीत सोडला तर? तीन हिस्से १० वर आणि एक हिस्सा ११० चा, मिसळून ३५ येतात.

तापीकाठ
हिशोब बरोबर, पण ऑक्टोबरात बोअर १५० वर गेला तर तेच मिश्रण ४५ वर टेकेल. शिवाय तीन हिश्शांसाठी १० पर्यंत उतरायचं म्हणजे वासाच्या काठावर चालणं. वळशाचा पाइप टाका, कॉक मात्र पावसाळ्यानंतरचा अहवाल येईपर्यंत बंद ठेवा. आणि धुतलेलं पाणी काढायचा पाट बोअरपासून उताराच्या बाजूला, केळीच्या ओळीत, आताच खणून घ्या. ड्रम बसल्यावर तिथे कोणी कुदळ मारत नाही.